उसनवारीचे चेहरे

“डबा आणलाय. डबाच, दुसरं काय!”

सासूबाई पडद्याच्या अलीकडे मटार सोलत होत्या आणि बोलत होत्या त्या मटारांशी. पण आवाज असा बेतलेला, की पडद्यापलीकडे दुकानात बसलेल्या लेकाला तो टोचावा आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये. दुकानामागच्या खोल्यांत उभा जन्म काढला की हे माप आपोआप जमतं.

“डबा नाही गं आई. रिफर्बिश्ड संगणक म्हणतात त्याला,” पलीकडून भाऊजी म्हणाले.

“वापरलेलाच ना पण?”

“वापरलेला, पण उघडून, पुसून, खराब भाग बदलून. नव्यात आणि ह्यात काडीचा फरक नाही, आणि किंमत निम्म्याहून कमी.”

“कळलं. बिजवर आहे,” सासूबाईंनी निकाल दिला. “दाढी करून, नवा सदरा चढवून उभा केलाय. पहिलीचं काय झालं, ते आपण विचारायचं नाही.”

वहिनीला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

वहिनी म्हणजे या घरातली थोरली सून. नवरा हयात असताना सगळा बाजार त्याला दादा म्हणायचा, म्हणून ही सगळ्या बाजाराची वहिनी झाली. तिचं स्वतःचं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं. दुकान नवऱ्याचंच, फोटोंचं. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊजी, पुढे बसून पासपोर्टचे फोटो काढू लागला, आणि आतल्या कोपऱ्यात संगणकापुढे वहिनी बसू लागली. तिचं काम जुने फोटो दुरुस्त करण्याचं. फाटलेले, कसर लागलेले, ओल खाल्लेले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा काम करायचा तेव्हा चहाचा कप घेऊन ती त्याच्या खांद्यामागे उभी राहायची, आणि चहा निवेपर्यंत बघायची. असे पुष्कळ चहा निवले, तेव्हा कुठे हात बसला.

या धंद्यात उसनवारी करावी लागते. वडिलांच्या फोटोतला एक डोळा कसरीने खाल्ला असेल, तर दुसरा उलटा करून बसवायचा. दोन्ही गेले असतील तर मुलाचा घ्यायचा, भावाचा घ्यायचा. तेही नसेल, तर परक्याचा. त्यासाठी वहिनीकडे जुन्या संगणकात एक ठेव होती. तिला ती बटवा म्हणायची. डोळे, कान, जिवण्या, भांग, कॉलरी, वर्षानुवर्षं कापून जमवलेलं. गिऱ्हाइकाला हे सांगायचं नसतं. गिऱ्हाईक म्हणतं, “अगदी आमचे बाबा!” आणि आपण मान खाली घालून पाकीट चिकटवायचं. नियम एकच होता, नवऱ्याने घालून दिलेला: एकाच चेहऱ्यावर एकाच माणसाचं दोनदा उसनं घ्यायचं नाही. “नाहीतर तो येऊन बसतो,” तो हसत म्हणायचा.

“भाऊजी, जुना कुठे आहे?” वहिनीने त्या दुपारी विचारलं.

“एक्स्चेंजमध्ये दिला. म्हणून तर हा इतक्या कमीत पडला.” भाऊजी खुशीत होते. “आणि काळजी नको, सगळं उतरवून घेतलंय पेनड्राइव्हवर. ‘काम’ नावाचं अख्खं फोल्डर.”

“आणि ‘घर’ नावाचं?”

भाऊजी माऊस पुसत होते. पुसायचे थांबले.

“‘घर’ म्हणून पण होतं का?”

पडद्यामागे मटार सोलल्याचा आवाजही थांबला.

‘घर’मध्ये बटवा होता. तो गेला असता तरी चाललं असतं. पण ‘घर’मध्ये तिचा नवराही होता. फोटोग्राफरच्या घरात फोटोग्राफरचाच फोटो नसतो. तो कायम यंत्रामागे. लग्नाचे फोटो त्याच्या मित्राने मैत्रीखातर काढले होते, आणि मैत्रीखातरच, नीट आलेत का ते पाहायला, भर उन्हात रोल उघडला होता. जे चारदोन फोटो पुढे कसेबसे जमले, ते ‘घर’मध्ये. बाहेर राहिला होता तो फक्त भिंतीवरचा एक. लायसन्सवरचा म्हणावा, तर तो कुणाही मिशीवाल्याचा खपला असता.

वहिनी तशीच चपला घालून संगणकवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानात भिंतीला लावून जुन्या यंत्रांच्या उतरंडी रचल्या होत्या. सगळी उघडी, आतड्यासारख्या वायरी बाहेर आलेली. तिने आपलं यंत्र ओळखायचा प्रयत्न केला. सगळी सारखीच दिसत होती.

“पुसली मॅडम,” तो आदबीने म्हणाला. “डिस्क आली की पहिलं पुसायचं, हा आमचा शिरस्ता. वरून लिहितो आणि परत पुसतो. ग्राहकाचं खासगी असतं ना काही.”

“परत नाही का मिळणार?”

“मिळालं तर मग आम्ही पुसलं काय?” आपण काय बोललो, ते त्याला बोलल्यावर कळलं. तो खाली बघत म्हणाला, “तुम्हाला दिलाय त्याची चिंता करू नका. विम्याच्या ऑफिसमधून आलेला आहे, एकदम सभ्य वापर. शिवाय डिस्क नवी कोरी टाकलीय. सील माझ्या हाताने फोडलं.”

वहिनीने ते ऐकलं आणि ऐकलंही नाही.

घरी येऊन तिने भिंतीवरचा फोटो उतरवला. भिंतीला ओल होती, हे तिला ठाऊक होतं. काचेआड बुरशीची पांढरी नक्षी चढलेली तिला रोज दिसत होती. ‘घर’मध्ये स्वच्छ प्रत आहे, कधीतरी नवा छापू, असं ती रोज म्हणत होती. मागचा पुठ्ठा काढून तिने फोटो हळूहळू सोडवायला घेतला. कपाळ सुटलं. उजवा डोळा सुटला. त्याखालचा सगळा भाग आणि दुसरी बाजू काचेवर राहिली, आणि तिथे चेहरा नव्हता. रंगाचा चिखल होता. बोट लागलं तसा तो सरकला.

माणूस जातो तेव्हा घर भरून जातं. त्याचा चेहरा जातो तेव्हा कुणी येत नाही.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुम्ही इतक्या लोकांचे करून देता. ह्याचाही कराल.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठून दुकानाची काच पुसत बसले. चांगली स्वच्छ होती.

पण आधी लोकांची कामं होती. सलूनवाल्याच्या वडिलांचा फोटो केव्हाचा येऊन पडला होता. डावा डोळा भुवईसकट गेलेला, आणि उजव्यावर घडीची चीर. बटवा तर गेला. वहिनी नव्या संगणकात ‘काम’ लावत बसली असताना तिला एका कोपऱ्यात बिननावाचं फोल्डर दिसलं. उघडलं. आत डोळे होते.

डोळे, कान, जिवणी, हनुवटी. कडा इतक्या सफाईने कापलेल्या, की तिला आधी कौतुकच वाटलं. म्हणजे हा संगणक आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हाताखालून आलाय, ती मनात म्हणाली. बाई असणार. इतकं नेटकं काम. तिने एक डावा डोळा उचलून सलूनवाल्याच्या वडिलांना लावला. उजेड त्याच बाजूचा, वय तेच. बसला.

सलूनवाला फोटो घेऊन दारातच उभा राहिला. “वहिनी, जिवंत केलंत की! आयुष्यभर डोळे वटारले या माणसाने माझ्यावर. आता कसे निवांत वाटतात. फोटो बघून पहिल्यांदा माया आली बघा.”

मग शाळेतल्या निवृत्त बाई आल्या, बहिणीचा फोटो घेऊन. तोंडाच्या जागी पाण्याचा डाग. वहिनीला फोल्डरमध्ये जिवणी मिळाली. मागच्या वेळी ती पुरुषाची वाटली होती. आता बाईची म्हणून सहज खपली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. “ही अशी हसायची नाही,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “नाही, हसायची. हसायचीच.” आणि फोटो छातीशी धरून गेल्या.

बेकरीवाल्याच्या भावाला हनुवटी आणि कान लागले. कान एकीकडचा, हनुवटी दुसरीकडून घ्यावी, नियम पाळावा, म्हणून तिने शोधलं. पण फोल्डरमध्ये कोणतं कुणाचं हे लिहिलेलं नव्हतं. दिसायला तर वेगळीच वाटली.

काम वाढलं. भाऊजी जो येईल त्याला सांगत, “नव्यावर पैसे घालणारे मूर्ख. आम्ही बघा. अर्ध्यात काम, आणि दुप्पट झकास!” गिऱ्हाइकं माना डोलवत.

एकदा पाव आणायला गेली असता बेकरीवाल्याच्या भिंतीवर तिचं लक्ष गेलं. भाऊ तिथे हार न घालता टांगला होता, पिठाच्या डब्यांच्या वर. हनुवटीपाशी काहीतरी ओळखीचं होतं. स्वतःचंच काम, ओळखीचं वाटणारच. येताना सलूनवाल्याने दारातून हाक मारली आणि आतला फोटो दाखवला. आरशांच्या रांगेत वडील प्रत्येक आरशात होते.

“वडील फार गरीब स्वभावाचे हो आमचे,” तो कात्री चालवत म्हणाला. “कधी आवाज चढवला नाही.”

“मागे तर तुम्ही म्हणालात, डोळे वटारायचे.”

“मी?” सलूनवाल्याची कात्री थांबली. त्याने फोटोकडे पाहिलं. “छे. कुणी दुसऱ्याने सांगितलं असेल, वहिनी.”

दुपारी दुकान बंद असतं. सासूबाई आडव्या झाल्या होत्या, भाऊजी बाहेर गेले होते. वहिनीने संगणकाच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं आणि बिननावाच्या फोल्डरमधला एकेक तुकडा त्यावर आणून ठेवला. सलूनमधला डोळा. बाईंच्या बहिणीची जिवणी. बेकरीतली हनुवटी, कान. मग बाकीचे, न वापरलेले.

तिने एकही तुकडा लहानमोठा केला नाही. एकाचा उजेड दुसऱ्याशी जुळवला नाही. ठेवले तसे ते बसले.

शिवण दिसली नाही.

माणूस पस्तिशी-चाळिशीचा असावा. देखणा नाही, कुरूपही नाही. रांगेत उभं राहून आपला नंबर कधी येतो म्हणून खिडकीकडे बघत असावा, तशी नजर. अगदी सभ्य. त्याला काही विचारायचं होतं, पण आधी समोरच्याचं बोलणं संपू दे, असा थांबल्यासारखा तो दिसत होता.

आणि तेव्हा वहिनीला संगणकवाल्याचं बोलणं आठवलं. डिस्क नवी कोरी. सील माझ्या हाताने फोडलं. म्हणजे आत आधीचं कुणाचंच काही असायला नको होतं.

तिने पान बंद केलं. फोल्डर पुसलं. पुसून झाल्यावर जिथे पुसलेलं जाऊन पडतं, तिथूनही पुसलं. दुसऱ्या दिवशी भीत भीत पाहिलं, तर ते परत आलं नव्हतं. त्यानंतरही आलं नाही. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सांगून काय होणार होतं? भाऊजी म्हणाले असते, “पण काम तर होतंय ना?” आणि काम तर होत होतं.

मग तिने नवऱ्याचा फोटो घेतला.

उसनं काही घ्यायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं. दिराची हनुवटीसुद्धा नाही. जे उरलं होतं, ते कपाळ, केस आणि उजवा डोळा, त्याला हात लावायचा नाही. बाकीचं हाताने रंगवायचं, आठवून. सासूबाई स्टूल घेऊन शेजारी बसत. सासू-सुनांमध्ये इतकं गूळपीठ त्या घराने आजवर पाहिलं नव्हतं.

“जिवणी अशीच ना हो?”

“जराशी डावीकडे ओढलेली होती. जन्मताच तशी. सुईण म्हणाली होती, लबाड निघेल.”

“अशी?”

“हं. अश्शी.”

भाऊजी उभ्या उभ्या बघायचे. “हनुवटीला किंचित खाच होती, वहिनी. आरशात दाढी करताना तो जीभ आत दाबून ती वर काढायचा.” वहिनीला ते आठवलं. तिने खाच काढली. त्याच्या कानाची पाळी तिची तिलाच ठाऊक होती. त्याबद्दल तिने कुणाला विचारलं नाही.

प्रत्येकाने आपापल्या आठवणीतलं खरं ते दिलं. कुणी हातचं राखलं नाही.

फोटो छापून बाहेर आला, तेव्हा तिघेही यंत्राभोवती उभे होते. कागद गरम होता.

“छान झालाय,” भाऊजी म्हणाले.

“छानच,” सासूबाई म्हणाल्या.

“फ्रेम लाकडी घालू या,” वहिनी म्हणाली.

तो मागच्या खोलीत टांगला, ओल नसलेल्या भिंतीवर. त्याच्यासमोरच घरातलं जेवायचं टेबल होतं. वहिनी ताटं मांडताना मान वर करत नसे. पण एकदा केली. डावी बाजू तिने रंगवलेली. तिचं काही चुकलं असेल, तिला कबूल होतं. उजवा डोळा मात्र जुन्या कागदावरचा, तिने हातही न लावलेला, नवऱ्याचा स्वतःचा.

तो डोळाही खिडकीकडे बघत होता.

त्यानंतर घरात बारीकसारीक बदल झाले. भाऊजींनी आपली खुर्ची फिरवून घेतली. म्हणाले, पंख्याचा वारा लागतो. सासूबाई रोज सकाळी पदराने जुन्या फोटोची काच पुसायच्या. आता म्हणाल्या, उंच टांगलाय, हात पोचत नाही. उंच नव्हता. “दादा असता तर” हे त्या घरातलं हजार वेळचं वाक्य. ते कुणाच्या तोंडून येईना. भाऊजींनी बिजवराच्या किमतीबद्दल बोलणं सोडलं. दुकानात सलूनवाला आला होता, त्याला चहाला आत बोलावलं. तो फोटोसमोर घोटाळला.

“दादांचा का? वा.” मग हसला. “आमच्या वडिलांचा भास होतो नाही थोडा?”

कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने चहा पटकन संपवला.

हे असं किती काळ चाललं असतं, सांगता येत नाही. माणसं फार काही गिळतात, आणि वर चहा पितात. वहिनीने ठरवून टाकलं होतं, की आपण बोलायचं नाही. आपण बोललो, तर तो दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी आपल्या हाताने. डोळे मिटून ती त्याला आठवू बघे: बाजारात स्कूटरवर, पावभर बटर आणायला निघालेला, आजारपणात उशीवर. सगळ्या ठिकाणी तो होता. सगळ्या ठिकाणी तो सभ्यपणे थांबलेला होता, तिचं बोलणं संपायची वाट बघत.

एका सकाळी चहा चालला होता. ऊन टेबलावर आलं होतं. सासूबाईंनी पाव चहात बुडवला, आणि तो बशीत गळून पडेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

“हा आपला नाही,” त्या म्हणाल्या.

खुर्ची फिरवलेली असूनही भाऊजींची पाठ ताठ झाली.

“आई, चेहरा थोडा इकडचा तिकडे...”

“मी जन्म दिलाय. मला नको शिकवू. हा आपला नाही, हे टांगला त्या दिवसापासून कळतंय मला.”

“मग आपला कसा होता?” भाऊजी वळले. आवाज चिडका होता, पण विचारणं खरं होतं. “सांग ना. वहिनी चूक सुधारतील. कसा होता?”

सासूबाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने टेबलाकडे पाहिलं.

बाहेर कुणीतरी शटर वर केलं.

“दुपारी डोळा लागला की येतो,” सासूबाई मग हळू आवाजात म्हणाल्या. पडद्यापलीकडे ऐकू जाऊ नये असं माप धरून, जरी पलीकडे कुणी नव्हतं. “पायाशी उभा राहतो. गरीब आहे बिचारा. पण मला आई नाही म्हणत. काकू म्हणतो. म्हणतो, काकू, माझ्या घरच्यांना कळवलंत का?”

भाऊजींनी बशी खाली ठेवली. चहा सांडला, त्यांनी पुसला नाही.

“मला साहेब म्हणतो,” ते म्हणाले.

दोघांनीही वहिनीकडे पाहिलं. ती सांडलेला चहा टेबलाच्या कडेला येताना बघत होती.

“मला ताई,” ती म्हणाली.